सगळ्यांनी गायची चूक

नंदिनी इनामदार यांच्या पत्राला मी कितीतरी दिवस उत्तर दिलं नव्हतं. शाहूवाडी तालुक्यातल्या एका शाळेत त्या शिक्षिका होत्या. पावसाळ्यात पाहुण्यांकडे आमच्या गावी आल्या असताना समाजमंदिरातला आमचा गाण्याचा वर्ग त्यांनी दारात उभं राहून पाहिला होता. त्या माझ्याशी बोलायला लागल्या आणि मी पोरांच्या चपला नीट लावायच्या निमित्तानं खाली वाकलो तो वाकलोच. मग अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी झाल्यावर त्यांचं आंतरदेशीय आलं. आपल्या शाळेत असाच वर्ग काढायचा आहे, तरी तुमच्या वर्गाचे नियम क्रमवार लिहून पाठवावेत, ते भिंतीवर लावू, असा मजकूर होता. पत्र मी शब्दकोशात ठेवलं आणि उत्तर उद्यावर ढकललं.

अडचण अशी होती की नियम असे मी कधी ठरवलेच नव्हते. बिद्रीच्या अलीकडच्या आमच्या गावात वाचनालयात माझी नोकरी झाली. पेटी मी तिथल्याच एका पुस्तकावरून शिकलो, कुणा गुरूपुढं बसून नाही. निवृत्त झाल्यावर बौद्धवाड्यातली चार पोरं पेटीभोवती जमायला लागली आणि मोठा पेच पडला. समोर कुणी बघत असलं की माझा आवाज निघत नाही. म्हणून मी पोरांना म्हटलं, सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करून बसायचं. त्यांची पाठ फिरली तेव्हा कुठं मला सा लावता आला. पोरांना वाटलं, गाणं असंच शिकतात.

दुसरी गोष्टही अशीच झाली. संघप्रिया म्हणून एक लहान पोरगी होती. पहिल्याच महिन्यात ती एका ओळीत चुकली आणि रडायला लागली. रडणाऱ्या पोराला काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नाही. मी घाईघाईनं बाकीच्यांना म्हटलं, तिनं म्हटलं तस्संच म्हणा सगळ्यांनी. सगळ्यांनी तीच चूक म्हटली. एकट्या पोरीची चूक सगळ्या खोलीची झाली आणि ती रडायची थांबली. तेव्हापासून कुणी चुकलं की थांबायचं नाही, सगळ्यांनी त्याच्याबरोबर तसंच चुकायचं आणि मग पुढं जायचं, हे अंगवळणी पडून गेलं. प्रसेनजीतचा आवाज फुटला तेव्हा त्याला घरी कसं पाठवायचं ते न सुचल्यामुळं मी त्याच्याकडं पेटी दिली. मी स्वतः दारापाशी चपलांजवळ बसायला लागलो.

आता हे नियम म्हणून कुणाच्या भिंतीवर कसे लावायचे? मला तरी ती माझी भीतीच वाटत होती, ओळीनं मांडलेली.

मी पुतण्याच्या घरात राहतो. पुतण्याचं नाव आबा, त्याची बायको यल्लव्वा निपाणीकडची, आणि त्यांची एकच मुलगी निशा. ती त्या वर्षी नववीत होती. वर्गात पुढची ओळ तीच धरायची. आबा बाळासो पाटलांच्या गुऱ्हाळावर रसाच्या कढईखाली, चुलवाणात, जाळ घालायचा. यल्लव्वा तिथंच ऊस साळायची, म्हणजे पाला काढून सोलायची, आणि वाळली चिपाडं गोळा करून चुलवाणाजवळ आणून टाकायची. हंगाम सुरू झाला की घराला गुळाचा आणि धुराचा वास यायचा तो उन्हाळ्यापर्यंत जायचा नाही.

त्या वर्षी हंगाम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत चुलवाणातून उलटा जाळ आला. आबा चिपाडाचा भारा आत रेटत होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बिद्रीच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि फोड फुटू देऊ नका म्हणून सांगितलं. आबा घरी आला तो हात गळ्यात बांधूनच, आणि दाराशी बसला. त्याला हाताचं फारसं काही वाटत नव्हतं. रसाची काहील थंड पडली तर बाळासो दुसरा माणूस लावणार, आणि एकदा लावलेला माणूस हंगामभर हलत नाही, हे त्याच्या डोक्यात होतं.

यल्लव्वा म्हणाली, ती चुलवाणावर उभी राहील. बाळासोनं ते ऐकलं नाही. ऊस साळायला मग कोण, असं त्यानं विचारलं. तेव्हा आबानं निशाला शाळेतून काढून जाळावर उभं करायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय बोललो असतो कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून निशा चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात उतरली. काम वरून बघणाऱ्याला सोपं दिसतं. चिपाड मुठीत धरायचं, आत फेकायचं, लोखंडी दांड्यानं ढकलायचं. पण जाळ एकसारखा राहिला पाहिजे. कमी झाला की वरून काहिलीवर गूळ बघणारा गुळव्या ओरडतो, जास्त झाला की रस उतू जातो आणि मग सगळेच ओरडतात. चेहरा भाजतो आणि पाठ थंडीनं काकडते. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भुवया होरपळल्या होत्या आणि हाताला चिपाडाच्या बारीक कुसळांनी रेघा पडल्या होत्या. यल्लव्वानं त्यावर तेल लावलं. पोरगी बोलायला गेली तर आवाज खरखरला.

त्याच आठवड्यात जयसिंगपूरच्या एका मंडळाचं पत्रक आलं. जिल्ह्यातल्या गाण्याच्या वर्गांची समूहगान स्पर्धा होती. नाव मी महिन्याभरापूर्वी कुणाला न सांगता पाठवलं होतं आणि नंतर त्याची मला लाज वाटत होती. आता ते पत्रक मी आबाच्या पुढ्यात ठेवलं आणि उभा राहिलो. बोलायचं पाठ करून आलो होतो, ते सगळं विसरलो. निशाशिवाय पोरांना पुढची ओळ धरता येत नाही, एवढंच कसंबसं सांगितलं.

आबानं पत्रक डाव्या हातात धरलं. खालपर्यंत वाचलं.

"तात्या, तुमच्या क्लासला गाव हसतंय, ठावं हाय न्हवं तुमास्नी?" तो म्हणाला. "भिंतीचा क्लास म्हंत्यात. मी कवा काय बोललो न्हाय. पन आता घरात हात चालना. ह्या पोरीच्या गान्यानं काय हुतंय ते मला एकदा दिसू द्या. जयसिंगपूरला नंबर आला तर तिची शाळा बी चालू आनि क्लास बी चालू. न्हाय आला तर हंगामभर ती चुलवानावर, आनि फुडच्या वर्साचं फुडं. मग तुमी त्यो विषय काढायचा न्हाय."

मी मान हलवली. आत चुलीपाशी निशा ऐकत होती, ते भाकरी थापायचा आवाज थांबला त्यावरून कळलं.

निशाला वर्गात यायला वेळ उरला नव्हता, म्हणून वर्गच गुऱ्हाळावर न्यायचा असं पोरांनी परस्पर ठरवलं. शाळा सुटली की प्रसेनजीत पेटी डोक्यावर घेऊन यायचा. गुऱ्हाळाला एकच भिंत होती, बाकी पत्र्याचं छप्पर. पोरं त्या भिंतीकडं तोंड करून बसायची आणि निशा खड्ड्यातून, जाळाकडं तोंड करून, पुढची ओळ म्हणायची. गाणं मी बांधलं होतं, पण शब्द बहुतेक यल्लव्वाचे आणि तिच्याबरोबर ऊस साळणाऱ्या बायकांचे होते. ऊस सोलला, रस निघाला, धुरानं डोळं भरलं गं, आणि शेवटी, हात गोड झालं. ही शेवटची ओळ वर चढत जायची, वरच्या सा पर्यंत. गाण्यात काय असेल ते तेवढंच होतं, असं मला वाटायचं.

बाळासोला पहिल्या दिवशी फार मजा वाटली. तो कामगारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तात्या, पोरं रुसल्यात काय वो? कोपऱ्यात तोंड घालून बसल्यात. गूळ द्या जरा, हासतील." बायका हसल्या. चरकात ऊस घालणारा कृष्णात हसला. मी पायानं चिपाड सरकवत राहिलो. पोरं मात्र मागं वळली नाहीत. त्यांना बाळासो दिसतच नव्हता.

दिवस जातील तसा निशाचा आवाज बसत चालला. खालचे स्वर चांगले लागायचे, जाड आणि गरम. पण वरची ओळ आली की आवाज टोकाशी जाऊन फाटायचा. मी ज्येष्ठमध आणून दिला. यल्लव्वानं हळदीचं दूध दिलं. धूर मात्र रोजचाच होता. ओळ खाली आणून बांधावी का, असं मला वाटलं, पण चाल बदलण्याएवढी माझी समज आहे की नाही याची खात्री नव्हती, म्हणून ठेवली तशीच. दुसऱ्या कुणाला पुढची ओळ द्यावी तर सगळ्या पोरांनी नाही म्हटलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी यल्लव्वानं ऊस साळायचा कोयता टाकला आणि न विचारता खड्ड्यात उतरली. बाळासो काही बोलणार तोच ती म्हणाली, "आज आनि उद्या मी घालतो जाळ. ऊस ऱ्हाऊ दे साळायचा. एवडं असंल तर तुमीच साळा की दोन कांडी." तो चरकाकडं निघून गेला. यल्लव्वा सहसा बोलत नाही, म्हणून असेल. पण एका दिवसाच्या विश्रांतीनं आवाज थोडाच परत येतो.

कोल्हापुरात एस.टी. बदलून आम्ही जयसिंगपूरला पोचलो. आठ पोरं, एक पेटी आणि मी. हॉल मोठा होता. बाकीच्या वर्गांची मुलं एका रंगाच्या कपड्यांत होती, कुणाकडं तबला, कुणाकडं इलेक्ट्रिकचा कीबोर्ड. आमची पोरं आपापल्या धुतलेल्या कपड्यांत होती आणि निशाच्या मनगटावर भाजल्याचे नवे डाग दिसत होते. तिनं बाही खाली ओढली.

आमच्या आधी शहरातला एक वर्ग गायला. फार सफाईनं गायला. मधेच एका मुलाची ओळ चुकली. शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. तो मुलगा नंतर गाणं संपेपर्यंत नुसते ओठ हलवत होता.

आमचं नाव पुकारलं. मी पोरांना वाटेतच सांगितलं होतं की इथं लोकांकडं तोंड करायचं. माझाच नियम मी मोडायला सांगत होतो. पण पोरं स्टेजवर गेली आणि सवयीनं ओळीनं पडद्याकडं तोंड करून बसली. सगळ्या हॉलला त्यांच्या पाठी दिसल्या. मागच्या रांगेतून शिट्टी वाजली, मग हसू पसरलं. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "बाळांनो, परीक्षक या बाजूला बसलेत." पोरं उठली, गोंधळली, एकमेकांवर आदळत वळली. एवढी माणसं त्यांनी कधी समोर पाहिली नव्हती. मी दारातच होतो. तिथून बाहेर पडता आलं असतं.

प्रसेनजीतनं सूर धरला. निशानं डोळे मिटले. पहिलं कडवं नीट गेलं, वरची ओळ तिनं कशी तरी ओढून नेली. दुसऱ्या कडव्यात ती त्या ओळीपाशी आली, हात गोड झालं, आणि आवाज चढायच्या जागी थांबला. नुसती हवा आली. पुढच्या क्षणी ती ओळ खाली घरंगळली, खालच्या सा पर्यंत, जिथं ती जायची नव्हती.

मी दाराची चौकट धरली.

बाकीच्या सहा जणांनी तीच ओळ तशीच खाली आणली. एकानंही वर बघितलं नाही, कुणी अडखळलं नाही, पेटीही त्यांच्याबरोबर खाली आली. त्यांना त्यात काही विशेष करतोय असं वाटलंच नव्हतं. वर्गात रोज करायची तेच पोरं करत होती. पण हॉलमध्ये ती ओळ वेगळी ऐकू आली. वर जाताना ती आनंदाची वाटायची. खाली आली तेव्हा दिवसभर राबलेलं माणूस चुलीच्या उजेडात आपले हात उलटसुलट करून बघतंय, असं वाटलं. मागच्या रांगेतली कुजबुज बंद झाली. तिसऱ्या कडव्यात निशानं वर जायचा प्रयत्नच केला नाही. तिनं ओळ ठरवून खाली आणली आणि सगळे तिच्याबरोबर उतरले. गाणं संपलं.

टाळ्या पडल्या, पण परीक्षकांतले कोटातले गृहस्थ उठून उभे राहिले आणि हात वर करून त्यांनी त्या थांबवल्या. त्यांच्यापुढं गाण्याचा कागद होता, आम्हीच स्वरांसकट पाठवलेला. "दुसऱ्या कडव्यात चाल चुकली आहे," ते म्हणाले. "कोण चुकलं?"

आठही हात वर गेले. प्रसेनजीतनं भात्यावरचा हात काढून वर केला.

"सगळे एकदम कसे चुकाल? आधी कोण चुकलं, ते विचारतोय मी."

निशानं तोंड उघडलं होतं, पण पुढच्या रांगेतली संघप्रिया आधीच उभी राहिली. "आदी कोन चुकलं ते आमास्नी दिसतच न्हाय सर," ती म्हणाली. "आमचं तोंड भिंतीकडं असतंय."

हॉल हसला. हे हसू मघाचं नव्हतं.

दुसऱ्या परीक्षक एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पोरांना ती ओळ मूळची कशी आहे ते म्हणायला सांगितलं. निशा म्हणाली, वर जाईत न्हाय आज, जाळ घालतो मी गुऱ्हाळावर. बाकीच्यांनी ती वरची ओळ म्हणून दाखवली. मग बाईंनी चुकीची ओळ पुन्हा म्हणायला लावली आणि त्या हनुवटीला हात लावून ऐकत राहिल्या. नंतर त्यांच्यात आणि कोटातल्या गृहस्थांत बराच वाद झाला. गृहस्थ कागदावर बोट आपटत होते. मी तेवढ्या वेळात पोरांच्या चपला शोधून ठेवल्या.

निकाल सांगायला बाई स्वतः उठल्या. त्यांनी भाषण केलं नाही. आज प्रत्येक वर्ग कुठं ना कुठं चुकला, पण चुकलेल्याला एकटं न सोडणारा वर्ग एकच होता, असं म्हणाल्या आणि आमच्या गावाचं नाव घेतलं. पहिला नंबर. पोरं माझ्याकडं बघायला लागली, ढाल घ्यायला मी जाणार म्हणून. मी हातानंच निशाला जा म्हटलं. ती गेली तेव्हा बाही मागं सरकलेली होती आणि तिनं ती ओढली नाही.

गावात उतरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. पोरं घरी न जाता थेट गुऱ्हाळावर पळाली. शेवटची काहील उकळत होती. यल्लव्वा खड्ड्यात होती, डोळे सोडून सगळी काळी. आबा हात गळ्यात बांधून भिंतीला टेकून उभा होता. घरी बसवलं नसेल त्याला. निशानं ढाल त्याच्यापुढं धरली. त्यानं ती डाव्या हातानं घेतली, अक्षरं बोटानं चाचपली आणि खड्ड्याच्या काठावर जाऊन यल्लव्वाला दिसेल अशी धरली. ती दांडा हातात घेऊन तशीच बघत राहिली. वरून गुळव्या ओरडला, जाळ कमी झाला म्हणून. "होऊ दे की कमी," यल्लव्वा म्हणाली.

मग आबा बाळासोकडं वळला. "बाळासो, उद्यापासनं निशा येत न्हाय. तिची शाळा हाय."

"आनि जाळ कोन घालनार? मी?"

"ते तुमी बगा. माझा हात बरा झाला की मी हायच. माझी जागा ऱ्हाती का जाती ते बी तुमीच बगा. पन पोरगी येत न्हाय."

बाळासोनं काहिलीकडं बघितलं. तेवढ्यात चरकावरून कृष्णात म्हणाला की त्याचा एक पाहुणा रिकामा आहे, आबाचा हात बरा होईस्तोवर येईल. बाळासोनं कपाळावर आठ्या घातल्या, पण रस थांबत नसतो. "सांग त्याला यायला," तो म्हणाला. "आबा, तू हात बरा कर आदी." मग ढाल हातात घेऊन उलटीसुलटी केली, पोरांना पळीपळी काकवी द्यायला सांगितली आणि म्हणाला, असं काय गायलासा ते आमास्नी बी ऐकवा की.

पोरं भिंतीकडं तोंड करून बसली. यावेळी कुणी हसलं नाही. निशा त्यांच्या मधोमध बसली, खड्ड्यात नाही. आवाज आणखी बसला होता, पण ती गायली. दुसऱ्या कडव्यात ओळ खाली आली, बायकांनी आपल्या शब्दांना मान हलवली. तिसऱ्या कडव्यात बाळासोला राहवलं नाही. तोही मोठ्यानं मिसळला. त्याचा आवाज सुराच्या जवळपाससुद्धा नव्हता. तो भलत्याच पट्टीत शिरला, आणि त्याबरोबर वर्गही, पेटीसकट, भलत्याच पट्टीत गेला.

बाळासो दचकून थांबला. "आरं, माज्यामागं कुटं यायला लागलासा?" तो म्हणाला. "मी चुकलो की."

"म्हनूनच," पोरं भिंतीकडं बघतच म्हणाली.

तो एवढा हसला की त्याला खोकला आला. मग खाली बसला, पोरांच्या ओळीत, पाठ आमच्याकडं करून, आणि शेवटपर्यंत गायला. मी आबाकडं बघितलं. त्यानं चांगल्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले आणि धूर लई झालाय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशा शाळेला गेली आणि मी कागद काढला. भिंतीचं लिहिलं, चुकीचं लिहिलं, आवाज फुटलेल्या मुलाकडं पेटी द्यावी हे लिहिलं. हे नियम मी भित्रेपणातून केले, तरी चालतात असं दिसतं, हेही लिहून टाकलं. एवढ्यावर पत्र संपवून दुपारभर तसंच ठेवलं. शाळेतून आल्यावर निशानं ते वाचलं, माझं पेन घेतलं आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ घातली: बाई, तुमची पोरं घेऊन या, येताना एक चूक आणा, आमी शिकून घेतो.

'आमी' मी दुरुस्त केलं नाही. तसाच बिद्रीला चालत गेलो. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता, मी कडेकडेनं गेलो. टपाल पेटी जवळजवळ भरली होती. पत्र आत पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून बोटं घालून नीट खाली ढकललं.